रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी कमी आलंय, आता काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात राहता, घरातल्या तिघांनी हेल्थ चेकअपचं पॅकेज केलं, त्यात तुमचं (वय ३९) व्हिटॅमिन डी आलं ११, मिस्टरांचं २३ आणि सासूबाईंचं (वय ७६) १७, आणि तिन्ही आकडे लाल रंगात छापून आलेत. तुम्हाला अंगदुखी, थकवा, केस गळणं आहे, मिस्टरांना काहीच त्रास नाही, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना गेली काही वर्षं दरवर्षी डी चं एक मोठं इंजेक्शन दिलं जातं. तुम्ही विचारलंय की आकडा नक्की किती हवा, हार्ट, डायबेटिस, कॅन्सर हे सगळं डी कमी असल्यामुळे होतं का, पाकिटं किती दिवस घ्यायची, आणि १२ वर्षांच्या मुलीचीही टेस्ट करायची का.

मी मेडिसिनचा डॉक्टर आहे, ओपीडीत हा रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली माणसं रोज भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो. तिघांचे आकडे लाल असले तरी तिघांची गोष्ट वेगवेगळी आहे. तुम्हाला औषध लागेल. मिस्टरांना बहुतेक काहीच लागणार नाही. सासूबाईंना डी द्यायला हवं पण ते वर्षातून एकदाचं इंजेक्शन बंद करायला हवं.

आता आकड्याचं. रक्तात जे मोजतात ते २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. त्वचेत उन्हाने तयार झालेलं किंवा पोटातून आलेलं डी आधी लिव्हरमध्ये जातं, तिथे हे रूप तयार होतं, आणि शरीरातला साठा किती आहे ते यावरून कळतं. पुढे किडनी त्यातलं थोडंसं घेऊन खरं काम करणारं रूप बनवते, त्याला कॅल्सिट्रिऑल म्हणतात, आणि ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला लावतं. हे एवढ्यासाठी सांगतोय की काही जणांना साठा भरण्यासाठी म्हणून कॅल्सिट्रिऑलच्या गोळ्या लिहून दिलेल्या दिसतात. त्याने साठा भरत नाही, ते औषध मुख्यतः किडनीचा आजार असणाऱ्यांसाठी आणि अजून एकदोन खास आजारांसाठी आहे. तुमच्या चिठ्ठीवर कोलेकॅल्सिफेरॉल म्हणजेच डी३ लिहिलंय ना ते बघून घ्या.

किती हवं यावर दोन मतं आहेत आणि रिपोर्टवरच्या लाल रंगाचं कारण तेच आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ च्या अहवालात सगळा पुरावा तपासून सांगितलं की हाडांच्या दृष्टीने २० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर एवढी पातळी जवळजवळ सगळ्यांना पुरते आणि खरा धोका १२ च्या खाली सुरू होतो. त्याच वर्षी तिथल्याच एन्डोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेने, म्हटलं की २० च्या खाली कमतरता, २१ ते २९ अपुरं, आणि ३० च्या वर चांगलं. आपल्याकडच्या बहुतेक लॅबनी हे दुसरं माप उचललं, त्यामुळे २३ वाला चांगला धडधाकट माणूससुद्धा लाल रंगात येतो. आता महत्त्वाचं म्हणजे त्याच एन्डोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये नवीन गाइडलाइन काढली आणि ३० चा आग्रह सोडून दिला, वर हेही सांगितलं की ज्यांना काही त्रास नाही अशा निरोगी लोकांची ही टेस्ट उगाच करत बसू नका. लॅबचे छापील फॉर्म मात्र अजून जुन्याच मापावर चाललेत. एक लक्षात ठेवा, परदेशातले रिपोर्ट नॅनोमोलमध्ये असतात, आपला आकडा अडीचने गुणला की तो येतो, म्हणजे आपलं २० म्हणजे तिकडचं ५०. लंडनच्या नातेवाईकाचं ५५ ऐकून आपलं २३ बघून घाबरायचं कारण नाही, दोन्ही जवळजवळ सारखंच आहे.

टेस्टबद्दल आणखी थोडं. दोन लॅबमधून एकाच दिवशी रक्त दिलं तरी आकड्यात फरक येऊ शकतो, कारण मोजायच्या पद्धती वेगळ्या असतात, म्हणून परत तपासायचं असेल तर त्याच लॅबमध्ये. उपाशीपोटी जायची गरज नाही. आणि ताई, तुमचे केस गळतायत म्हणून तुम्ही बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर टेस्टच्या आधी काही दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा, काही मशीनवर बायोटिनमुळे डी चा आकडा खोटा वाढलेला दिसतो, थायरॉइडचे आकडेही बिघडतात. हे फारसं कोणी सांगत नाही.

आता हा मोठा प्रश्न, हार्ट, डायबेटिस, कॅन्सर, डिप्रेशन, टीबी, सगळ्याचा डी शी संबंध असतो का. संबंध दिसतो हे खरं आहे. हजारो लोकांचं रक्त तपासलं तर ज्यांचं डी कमी त्यांच्यात हे सगळे आजार जास्त दिसतात, आणि यावरूनच मधल्या काळात डी चा एवढा गाजावाजा झाला. पण जरा विचार करा, आजारी माणूस घरात बसून असतो, त्याला ऊन मिळत नाही. वजन जास्त असेल तर डी मोठ्या शरीरात विरून जातं आणि रक्तातला आकडा कमी येतो. अंगात सूज, इन्फेक्शन, मोठं ऑपरेशन असेल तेव्हाही हा आकडा आपोआप खाली जातो. म्हणजे बऱ्याच वेळा आजारामुळे डी कमी झालेलं असतं, डी कमी झाल्यामुळे आजार झालेला नसतो. हे ओळखायचा एकच मार्ग, अर्ध्या लोकांना डी द्यायचं, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, आणि काही वर्षं थांबून बघायचं.

ते झालंय, आणि चांगलं मोठं झालंय. अमेरिकेतल्या व्हायटल नावाच्या ट्रायलमध्ये २५,८७१ लोक होते, निम्म्यांना रोज २००० युनिट डी३, पाच वर्षांहून जास्त काळ. हार्ट अटॅक, स्ट्रोक कमी झाले नाहीत, नवीन कॅन्सर कमी झाले नाहीत, आणि २०२२ मध्ये हाडांचं बघितलं तर निरोगी लोकांची फ्रॅक्चरसुद्धा कमी झाली नाहीत. ऑस्ट्रेलियात २१ हजारांवर लोकांना, साठीच्या पुढचे सगळे, दर महिन्याला ६०,००० युनिट दिले, म्हणजे आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळतं तेच पाकीट महिन्याला एक, पाच वर्षं, आणि मृत्यूचं प्रमाण तेवढंच राहिलं. यावर लगेच कोणीतरी म्हणतं की त्या लोकांचं डी आधीपासूनच बरं होतं, कमी असणाऱ्यांना फायदा झालाच असता. शंका रास्त आहे. पण मंगोलियात उलानबातरच्या शाळांमधली ८,८५१ मुलं घेतली होती, त्यातल्या बहुतेक सगळ्यांचं डी २० च्या खाली होतं, सरासरी १२ च्या आसपास, तीन वर्षं दर आठवड्याला १४,००० युनिट दिले, रक्तातला आकडा छान वाढला, आणि टीबीचं इन्फेक्शन मात्र दोन्ही गटांत सारखंच झालं. आपल्या देशात टीबी एवढा असताना हा निकाल २०२० मध्ये आला तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं होतं, कारण इतकं स्वस्त औषध खरंच चाललं असतं तर फार मोठं काम झालं असतं.

सगळंच फोल निघालं असं नाही. व्हायटलमध्येच ऑटोइम्यून आजार, म्हणजे संधिवात, सोरायसिस वगैरे, डी घेणाऱ्यांमध्ये साधारण २२ टक्क्यांनी कमी दिसले. कॅन्सर झालेल्यांमध्ये मृत्यू थोडे कमी होतात का यावर अजून जाणकारांमध्ये वाद आहे. डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४२३ लोकांना रोज ४००० युनिट देऊन बघितलं, डायबेटिस झाला २४ टक्के विरुद्ध जवळजवळ २७ टक्के, फरक एवढा लहान की योगायोग म्हणता येईल, पण अशा ट्रायल एकत्र केल्या तर थोडा फायदा दिसतो, म्हणून २०२४ च्या गाइडलाइनने प्री-डायबेटिसमध्ये डी द्यायला हरकत नाही असं म्हटलंय. पण हे चालणं आणि वजन कमी करणं याच्या सोबत, त्याच्या ऐवजी नाही. ज्याची शुगर वाढतेय त्याने पाकीट घेतलं आणि संध्याकाळचं चालणं सोडलं तर तोटाच आहे.

मग डी कमी असण्याने खरंच काय होतं? हाडं आणि स्नायू. आणि इथे मी अजिबात हलकं घेणार नाही, कारण हे मी बघतो. मोठ्या माणसात याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात, लहान मुलात मुडदूस. बाई सांगते की मांड्या भरून येतात, जिना चढताना कठड्याला धरावं लागतं, जमिनीवरून उठताना हात टेकवावा लागतो, बसून पोळ्या लाटल्या की उठवत नाही. बरगड्यांवर, नडगीवर बोटाने दाबलं तर दुखतं. चाल बदकासारखी डुलती होते. अशा पेशंटला वर्षानुवर्षं पेनकिलर, मणक्याचे एमआरआय, 'टेन्शन घेऊ नका' एवढंच मिळालेलं असतं, आणि नीट डोस दिला की दोनतीन महिन्यांत माणूस जिना चढायला लागतो. असं ज्यांचं खरोखर आहे त्यांचा आकडा बहुतेक वेळा १० च्या आतबाहेर असतो, सोबत अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांतून रक्तात येणारं एक एन्झाइम) वाढलेलं असतं, कॅल्शियम किंवा फॉस्फरस खाली गेलेलं असतं. मोठा आजार कुठला दिसत असेल तर हा, आणि तो शंभर टक्के बरा होतो.

लोक विचारतात एवढं ऊन आपल्याकडे, तरी डी कमी कसं? त्वचेत डी बनवणारे किरण म्हणजे यूव्हीबी, आणि ते सूर्य डोक्यावर असताना जमिनीपर्यंत पोचतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी असेल तेव्हाच्या उन्हात डी बनतं, म्हणजे ढोबळमानाने सकाळी दहा-अकरा ते दुपारी दोन-तीन. आपल्या घरात तान्ह्या बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरायची पद्धत आहे, बाळाला छान वाटतं, चालू ठेवा, पण सात-साडेसातच्या उन्हात डी जवळजवळ काही बनत नाही, त्यामुळे अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे ड्रॉप्स द्यायलाच हवेत. (ड्रॉप्सच्या बाटलीवर एका मिलीमध्ये किती युनिट हे नीट वाचा, काहींमध्ये ४०० असतात, काहींमध्ये ८००.) काचेतून यूव्हीबी आत येत नाही, त्यामुळे ऑफिसच्या काचेजवळ किंवा गाडीत बसून लागलेल्या उन्हाचा उपयोग शून्य. सावळ्या कातडीला तेवढंच डी बनवायला जास्त वेळ लागतो. स्कूटीवर दुपारी जाताना स्कार्फ, सनकोट, हातमोजे. आणि प्रदूषण, दिल्लीत २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, मोरी गेटसारख्या धुराच्या भागातल्या दोन वर्षांखालच्या मुलांचं सरासरी डी १२ च्या आसपास आणि तेव्हाच्या कमी प्रदूषित गुडगावातल्या मुलांचं २७, म्हणजे ऊन तेच पण किरण धुरातच अडकतात.

याला जोडून आहाराची एक बाजू आहे जिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. कॅल्शियम. जेवणात कॅल्शियम कमी असेल आणि पोळी-भाकरी-डाळीतलं फायटेट, म्हणजे कॅल्शियम शोषू न देणारा घटक, जास्त असेल तर शरीर कॅल्शियम ओढून घेण्यासाठी किडनीतलं ते कामाचं रूप जास्त बनवतं आणि त्या नादात साठ्यातलं डी लवकर संपतं. म्हणजे डी कितीही घाला, दूध-दही-ताक, नाचणी, तीळ, पालेभाज्या पोटात गेल्या नाहीत तर साठा टिकत नाही. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६०० युनिट डी सांगितलंय. डी मात्र जेवणातून फार मिळत नाही, एका अंड्याच्या बलकात चाळीसएक युनिट, बांगडा, तारली अशा तेलकट माशांत जास्त. दुधाच्या पिशवीवर निळं 'प्लस एफ' चिन्ह असेल तर त्यात एका लिटरला २०० ते ३०० युनिट घातलेले असतात, तेलाच्या पिशवीवरही हे चिन्ह असतं. दोन्ही घरात येणारच असतात, तर चिन्ह बघून घेतलेलं बरं.

आता तुमचं. ११ म्हणजे कमीच आहे आणि अंग दुखतंय, तर साठा भरायचा. आपल्याकडची नेहमीची पद्धत म्हणजे ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, जेवणानंतर, जेवणात तूप-तेल-दूध काहीतरी स्निग्ध असलं की चांगलं शोषलं जातं. मग महिन्याला एक पाकीट किंवा रोज १००० युनिटची गोळी. आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच. रोज एक पाकीट घेऊन कॅल्शियम १३-१४ वर गेलेले, उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी, गोंधळलेले असे पेशंट ॲडमिट करावे लागतात, किडनीला इजा होते आणि डी चरबीत साठत असल्यामुळे ते उतरायला महिने जातात. म्हणून पाकिटं आणली की कॅलेंडरवर वार लिहून ठेवा. मुतखडा झालेला असेल, किडनीचा त्रास असेल, टीबी किंवा सारकॉइडोसिस असेल तर आधी रक्तातलं कॅल्शियम बघितल्याशिवाय सुरू करू नका. फिटच्या गोळ्या चालू असतील तरी डॉक्टरांना सांगा, काही गोळ्यांनी डी लवकर संपतं आणि डोस वेगळा लागतो.

पण ताई, थकवा आणि केस गळणं सगळं डी च्या खात्यावर टाकू नका. चाळिशीच्या आसपासच्या बाईत मी आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि बी१२ बघतो. बी१२ तर पुण्यात फार कमी सापडतं, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातून हे किती वर्षं दाखवून दिलंय, आणि तुम्ही शाकाहारी असाल तर नक्की तपासा. पॅकेजमध्ये यातलं बरंच झालेलं असेल, पण लाल डी च्या गडबडीत तिकडे कोणी बघितलंच नसेल. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का हेही डॉक्टरांना सांगा. तीन महिन्यांनी एकदा डी परत बघा, त्याआधी नको, कारण रक्तातली पातळी स्थिर व्हायलाच तेवढा वेळ लागतो. २०-३० च्या दरम्यान आलं आणि अंग दुखायचं थांबलं की झालं. ५०-६० करायच्या मागे लागू नका. कॅनडात रोज १०,००० युनिट तीन वर्षं देऊन बघितलं, हाडं घट्ट व्हायच्या ऐवजी ४०० युनिटवाल्यांपेक्षा हाडांची घनता थोडी कमीच भरली.

मिस्टरांचं २३. त्रास काही नाही. औषध नको, परत टेस्टही नको. जेवणाच्या सुट्टीत कँटीनपर्यंत बाहेरून चालत गेले, बाह्या दुमडून, तरी पुरे.

सासूबाईंच्या इंजेक्शनबद्दल मला खरंच काळजी वाटते. ऑस्ट्रेलियात दोन हजारांवर वयस्कर बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा डोस दिला होता, पडणं कमी होईल म्हणून, आणि २०१० मध्ये निकाल आला तेव्हा डोस घेतलेल्या बायका जास्त पडल्या होत्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली होती, त्यातही डोसनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत पडणं सगळ्यात जास्त. आपल्याकडचं इंजेक्शन ६ लाखांचं असतं. त्याऐवजी रोज ८०० ते १००० युनिट आणि जेवणातून किंवा कमी पडलं तर गोळीतून कॅल्शियम. फ्रान्समध्ये वृद्धाश्रमातल्या तीन हजारांवर बायकांना असं रोज ८०० युनिट आणि सोबत कॅल्शियम दिल्यावर खुब्याची फ्रॅक्चर बरीच कमी झाली होती, १९९२ चा अभ्यास आहे, आणि घरातून फारसं बाहेर न पडणारी आजी ही त्या बायकांच्याच जवळची आहे. पंचाहत्तरीच्या पुढे टेस्ट न करताही डी द्यावं असं नवीन गाइडलाइनही म्हणते. गुडघे मात्र याने थांबणार नाहीत, ती झीज आहे, त्यावर डी चालवून बघितलंय आणि फरक पडला नाही. त्यांना मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओकडून शिकवा, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, आणि एकदा डेक्सा स्कॅन करून हाडांची घनता बघा, ऑस्टिओपोरोसिस निघाला तर त्याची औषधं वेगळी आणि चांगली आहेत.

मुलीची टेस्ट नको. २०१६ ते १८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या साधारण २४ टक्के मुलामुलींचं डी १२ च्या खाली होतं, म्हणजे या वयात कमी असणं काही विशेष नाही, आणि टेस्ट केली नाही तरी रोज ६०० युनिटची साधी गोळी चालते, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना असं द्यायला नवीन गाइडलाइनचाही पाठिंबा आहे. उंची वाढायची वर्षं आहेत, तर दोन कप दूध किंवा दही आणि नाचणीचं काहीतरी रोज पोटात जाऊ द्या. पाय दुखतात म्हणत असेल, गुडघे आत वळलेले दिसत असतील किंवा पळताना लवकर थकत असेल तर मात्र मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, मग त्या ठरवतील काय तपासायचं ते.